मला नक्की माहीत नाही

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर अंबरनाथची शिवमंदिराजवळची दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही नवरा-बायको बदलापूरला, मांजर्लीत राहायला आलो. नदी जवळ, म्हणून पुराच्या भीतीने मुद्दाम दुसरा मजला घेतला. तळमजल्यावर चामटोलीहून आलेलं आगरी कुटुंब, पहिल्या मजल्यावर उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेले सिंधी काका आणि त्यांची बायको, आमच्या शेजारी एक तमिळ आजोबा, वर कोकणातले दोन भाऊ आणि जौनपूरचं एक मोठं कुटुंब. जिन्यात उभं राहिलं की चार घरांतून चार भाषा ऐकू यायच्या. मला ते फार आवडायचं. कारण सरळ आहे, सांगून टाकते. मला नकला करता येतात.

लहानपणापासून येतात. कुणाचं बोलणं दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा ते माझ्या तोंडून तसंच्या तसं निघतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये मुख्याध्यापक बाहेर गेले रे गेले की सगळ्या म्हणायच्या, "बाई, करा ना सर." मी करायचे. हसून हसून एखादीच्या डोळ्यांत पाणी आलं की मला दिवसभर बरं वाटायचं. आपण शिकवतो चांगलं असं मला कुणी फारसं म्हटलं नाही. नकला मात्र सगळे मागायचे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपूर्वी एक बंगाली कुटुंब भाड्याने आलं. नवरा उल्हासनगरात सोन्याच्या दागिन्यांचा कारागीर. बायको तिशीच्या पुढची, बारीक, उंच. आणि एक मुलगी, तेव्हा पाचवीत. पहिले काही महिने ती बाई जिन्यात भेटली की नुसती हसायची. मग एका दुपारी तिने बेल वाजवली.

"काकू, आप मेरे को मराठी सिखाएगा?"

मी आत बोलावलं. तिने सांगितलं ते असं. मुलीच्या शाळेत पालकसभा होती. बाई मराठीत काहीतरी म्हणाल्या, सगळ्या आया हसल्या, म्हणून हीसुद्धा हसली. घरी येताना मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आई, तू का हसलीस? त्या माझ्याबद्दल बोलत होत्या." मुलीच्या वहीतलं एक चुकीचं वाक्य बाईंनी वाचून दाखवलं होतं.

"उस दिन से मेरे को नींद नहीं आता," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज चार वाजता ती यायला लागली. मुलगी पाचला शाळेतून यायची, तेवढा एक तास. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मला इतकी चांगली विद्यार्थिनी सगळ्या नोकरीत मिळाली नव्हती. सांगितलेलं सगळं लिहून घ्यायची, दुसऱ्या दिवशी पाठ करून यायची. चुका भरपूर व्हायच्या, पण त्या आळसाच्या नव्हत्या. बंगालीत स्त्रीलिंग-पुल्लिंगावरून क्रियापद बदलत नाही, त्यामुळे "माझा आई आला" व्हायचं. पाणी पिण्याला त्यांच्याकडे खाणंच म्हणतात, म्हणून ती "मी पाणी खाते" म्हणायची. चूल म्हणजे त्यांच्या भाषेत केस. पंख्याखाली केस उडायला लागले की म्हणायची, "थांबा काकू, चूल बांधते." आणि काकू म्हणजे तिकडे बाबांचा धाकटा भाऊ. मला काकू म्हणताना पहिल्या आठवड्यात तिला रोज हसू यायचं. मग आम्ही दोघी हसायचो.

वाक्यांच्या सरावासाठी मी तिला तिच्या गावाबद्दल बोलायला लावायचे. मेदिनीपूर जिल्ह्यातलं गाव. गावात दोन तळी. एका तळ्यावर बायका, दुसऱ्यावर पुरुष. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता निवृत्त. शाळेच्या मागे त्यांनी लावलेली आंब्याची झाडं. "तो झाड," ती म्हणायची. "ते झाड," मी म्हणायचे. अशा दुरुस्त्या करता करता मला ते गाव पाठ झालं होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न कुठे झालं, शाळेचं छप्पर वादळात कसं उडालं, सगळं.

एक दिवस ती म्हणाली, "काकू, मुलीला मोठी शिक्षा द्यायचा आहे. मला नाही मिळाला. लग्न झाला. तिला खूप शिक्षा पाहिजे."

शिक्षा म्हणजे तिला शिक्षण म्हणायचं होतं. मला हसू फुटलं. मराठीत शिक्षा म्हणजे काय ते मी सांगितलं, तेव्हा तीही हसली. पण हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि मला दिसलं की ती रडतेय. वडिलांनी सतराव्या वर्षी लग्न लावून दिलं, त्याचा राग होता की दुःख, मला नीट कळलं नाही. मी चहा ठेवला.

त्या हिवाळ्यात ती माहेरी जाऊन आली. येताना माझ्यासाठी खजुराच्या गुळाची ढेप आणि वडिलांचं पत्र घेऊन आली. पत्र इंग्रजीत होतं, तिरप्या, जुन्या वळणाच्या अक्षरात. माझी मुलगी अभ्यासात हुशार होती, तिला मीच शाळेतून काढलं, तिला पुन्हा शिक्षिका मिळाली याचं मला समाधान आहे, असं त्यात होतं. मी ते यजमानांना दोनदा वाचून दाखवलं.

हे सगळं एवढ्या बारकाव्याने सांगतेय, कारण पुढे मी काय केलं ते कळायला हवं.

आमच्या इमारतीत पाच दिवसांचा गणपती बसतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आवारातच कार्यक्रम होतो, मुलांचे नाच, गाणी, पाककृतींची स्पर्धा. दरवर्षी माझा एक आयटम असतो. मागच्या वर्षीही सेक्रेटरी आठवडाभर आधी येऊन सांगून गेले, "काकू, तुमच्याशिवाय मजा नाही. या वेळी जरा नवीन काहीतरी."

नवीन काहीतरी. ते माझ्या डोक्यात बसलं. सिंधी काका, तमिळ आजोबा, तळमजल्याचे आगरी दादा हे सगळं दोन वर्षं करून झालं होतं. लोकांना पाठ झालं होतं. मी आरशासमोर उभी राहिले आणि सहज म्हणून पाहिलं, "थांबा काकू, चूल बांधते." आवाज असा हुबेहूब आला की मी स्वतःच दचकले. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी मात्र खूश झाले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती दुसऱ्या रांगेत मुलीला घेऊन बसली होती. लाल काठाची पांढरी साडी नेसली होती. मी आधी आगरी दादांची नक्कल केली, "आवं, माझे दारात गारी कुनी लावली रं?" दादा स्वतःच टाळ्या वाजवत होते. मग सिंधी काका झाले. तीही हसत होती, शेजारच्या बाईच्या हातावर टाळी देऊन हसत होती.

मग मी पदर डोक्यावरून घेतला, मान थोडी वाकडी केली आणि सुरू केलं. "ओ काकू, मी पाणी खाते. माझा आई आला. तो बाई गेला." लोकांना लगेच कळलं. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. मी केस मोकळे सोडून पुन्हा बांधले, "थांबा हां, चूल बांधते!" हशा इतका झाला की मला थांबावं लागलं. आणि मग, लोक अजून मागत होते म्हणून, मी शेवटचं काढलं. "काकू, माझ्या मुलीला खूप शिक्षा द्या हां! मोठी शिक्षा!"

खुर्च्या हलल्या, एवढे लोक हसले.

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसतच होती. पण ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, हलत नव्हतं. तिची मुलगी, जिला मराठी माझ्याइतकंच येतं, आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहत होती. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. मुलीने नाही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी चहाचं आधण ठेवलं. ती आली नाही. गणपतीची गडबड असेल, असं मी स्वतःला सांगितलं. विसर्जनानंतरही आली नाही. जिन्यात भेटली तेव्हा हिंदीत म्हणाली, "अच्छा था आपका प्रोग्राम."

"अगं, येत का नाहीस तू?" मी विचारलं.

"थोड़ा काम है, काकू."

मला खरं तर तेव्हाच कळलं होतं. तिथे जिन्यातच माफी मागितली असती तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. पण मला रागच आला. एवढं काय त्यात? सिंधी काका नाही का हसले? आगरी दादा नाही का हसले? दोघांनाही या गावात कुणी परकं म्हणत नव्हतं, आणि त्यांची फजिती मी कधी स्वयंपाकघरात बसून, विश्वासाने ऐकलेली नव्हती, हा फरक मला दिसत होता. मी तो बघायचं टाळलं.

कार्यक्रमाचा व्हिडिओ इमारतीच्या ग्रुपवर फिरत होता. आवारात खेळणारी मुलं तिची मुलगी दिसली की ओरडायची, "पाणी खाणार का? पाणी?" एकदा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते तेव्हा ते ऐकलं. मुलगी दप्तर छातीशी धरून भराभर जिन्याकडे चालली होती. वरून एक हाक मारली असती तर मुलं गप्प झाली असती, माझा तेवढा धाक होता. पण काय ओरडणार? शब्द माझेच होते. मी बादली उचलून आत आले.

मग दिवाळीच्या आधी सोसायटीची सभा झाली. आवारात खुर्च्या मांडून, संध्याकाळी सहाला. भाडेकरूंना बोलावत नाहीत. पाण्याच्या टाकीचा, पार्किंगचा विषय झाला, आणि चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "भाडेकरूंचे कागद कुणी तपासतं का? हल्ली काय काय ऐकतो आपण. बंगाली म्हणून येतात, नक्की कुठले असतात कुणास ठाऊक."

"काकूंनी दाखवलं की बोलणं कसं आहे ते," दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि थोडे हसले.

सिंधी काका एकटेच म्हणाले, "अरे, ऐसा मत करो. हमारे बाबा लोग बँटवारे के बाद इधर कॅम्प में आए थे, तब उनको भी सब यही पूछते थे. किधर का है, कागज दिखाओ."

"काका, तुमची गोष्ट वेगळी," सेक्रेटरी म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना फक्त विषय संपवायचा होता. ते माझ्याकडे वळले. "काकू, तुमच्याकडे येणं-जाणं आहे तिचं. तुम्हाला माहीत असेल. कुठले आहेत ते नक्की?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला गावाचं नाव माहीत होतं. जिल्हा माहीत होता. तळी किती ते माहीत होतं. तिच्या वडिलांचं अक्षर मी ओळखलं असतं. मी एवढंच सांगितलं असतं, की मास्तरांची मुलगी आहे ती, मी पत्र वाचलंय त्यांचं, तर विषय तिथेच संपला असता. माझा शब्द त्या इमारतीत कुणी खाली पडू दिला नसता.

मी म्हणाले, "बंगालचे आहेत म्हणतात. मला नक्की माहीत नाही."

असं का म्हणाले, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा विचारलंय. ती यायची बंद झाली याचा डंख होता. तिची बाजू घेतली तर "मग नक्कल का केलीत?" असं कुणीतरी विचारेल, ही भीती होती. आणि सगळे एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला काकांसारखं एकटं उभं राहायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. मुलांना मी वर्षानुवर्षं धीटपणावर निबंध लिहायला लावले होते.

ठराव झाला. फक्त त्या एका घराच्या मालकाला पत्र गेलं, की भाडेकरूंची पुन्हा चौकशी करून घ्या. तिचा नवरा काम बुडवून कागद घेऊन पोलीस चौकीत गेला. सगळे कागद बरोबर होते, तपासणाऱ्याने पाहून लगेच परत पाठवलं. पण मालक डोंबिवलीला राहतो, त्याला कटकट नको होती. करार संपत होता, तो त्याने पुढे वाढवला नाही.

सामानाचा टेम्पो आला त्या सकाळी तिने माझी बेल वाजवली. हातात माझा स्टीलचा डबा होता, मी कधीतरी चकल्या घालून दिलेला. स्वच्छ घासलेला, आणि रिकामा. एवढ्या दिवसांत तिने माझं एकही भांडं रिकामं परत केलं नव्हतं.

"आपका डब्बा, मॅडम," ती म्हणाली.

मॅडम. मी डबा घेतला. "सांभाळून राहा," असं काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली आणि खाली गेली. मुलगी आधीच टेम्पोत जाऊन बसली होती.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी काहीच केलं नाही. समोरच्या दाराला कुलूप होतं. चार वाजले की मी उगाच बाहेर पडायचे, नदीच्या बाजूला चक्कर मारून यायचे. यजमान एकदा म्हणाले, "जाऊन ये एकदा तिच्याकडे. नाही तर हे असंच चालायचं तुझं." सिंधी काकांकडून पत्ता घेतला. काकांनी तो कागदावर लिहून दिला, पण माझ्याशी एक शब्द जास्त बोलले नाहीत.

उल्हासनगरात कॅम्पातल्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. मी जिना चढत होते तेव्हा वरून तिचा आवाज ऐकू आला. शेजारच्या म्हाताऱ्या सिंधी बाईशी बोलत होती, आणि चक्क मराठीत. "अम्मा, मी भाजी आणते, तुम्ही दार लावून घ्या." एकही चूक नव्हती. मग तिने मला पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "आइए."

तिने पाणी दिलं, चहा केला. खोलीत एकच खाट होती, तिच्यावर मला बसवलं. मी मराठीत बोलत होते, ती हिंदीत उत्तरं देत होती. मी माफी मागितली. नकलेबद्दल बोलले, तिच्या मुलीबद्दल बोलले, मला किती वाईट वाटतं ते बोलले. माझाच आवाज मला पाठ केल्यासारखा वाटत होता.

ती कप खाली ठेवून म्हणाली, "प्रोग्राम का बुरा लगा. झूठ नहीं बोलेगी. लेकिन वो मैं भूल जाती. हँसी में आदमी बोल देता है."

मी माझाही कप खाली ठेवला.

"मीटिंग का दिन मेरा खिड़की खुला था, मॅडम. नीचे सब बोल रहे थे. मैं सोची, अभी आप बोलेंगी." तिने माझ्याकडे पाहिलं. "मेरा बाबा ने आपको चिट्ठी लिखा था. आप कैसे बोला, मालूम नहीं?"

तिची खिडकी आवारावर उघडते हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी ते मनात आलं नव्हतं, एवढंच. घाबरले, असं मी म्हणाले. तिने मान डोलावली, जणू हे ती धरूनच चालली होती.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. दारात चपला काढताना तिने मला पाहिलं. एक क्षण थांबली आणि शेजारच्या अम्मांच्या घरात निघून गेली. आईने तिला हाक मारली नाही.

"मी काय करू आता?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली. चूक मी केली होती, आणि वाटही तिलाच विचारत होते.

तिने दोन्ही कप उचलले. मग म्हणाली, "जिधर बोला था, उधर ही बोलिए. मेरे को क्यों बोलता है? मेरे को तो मालूम है मैं किधर की हूँ."

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं. चार वेळा लिहून खोडलं. वाक्यं सजायला लागली की पुसत होते. शेवटी साधं लिहिलं. त्या सभेत मला नक्की माहीत नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं. मला त्यांचं गाव, घर, वडील सगळं माहीत होतं. मी बोलले असते तर ते आज इथे राहत असते. नक्कल केलेली वाक्यं ती माझ्याकडे शिकायला येत होती तेव्हाची होती, आणि ती वापरायचा मला हक्क नव्हता. खाली माझं नाव.

पाच मिनिटं काहीच आलं नाही. मग कोकणातल्या धाकट्या भावाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं, "काकू, झालं गेलं जाऊ द्या ना आता." तळमजल्याच्या दादांनी लिहिलं, "काकू, आम्ही पन गप बसलो ना." ते वाचून मला जास्तच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींनी गुलाबाच्या फुलाचं शुभ सकाळ पाठवलं आणि ग्रुप नेहमीसारखा सुरू झाला.

मी लिहिलेलं तिला पाठवलं. मराठीत होतं, पण तिला वाचता येईल हे मला माहीत होतं. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. मराठीत एकच शब्द होता, "वाचले."

यजमान समोर पेपर वाचत बसले होते. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"वाचले म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच."

ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले. मी उत्तर लिहायला घेतलं. तब्येत कशी आहे, मुलीची परीक्षा कधी आहे, असं काय काय सुचत होतं. पण तिने काही विचारलेलं नव्हतं. मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि संध्याकाळची भाजी निवडायला बसले.